मैदानावरचे प्रश्न: पोरांना रांगेत उभं करू नका, बॉल द्या

फुटबॉलवर प्रश्न पाठवा म्हटल्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडून पत्रं आली, व्हॉट्सॲपवर तर अजून येतच आहेत. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमत नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, कारण बऱ्याच जणांनी पोरांबद्दल आणि कोचबद्दल मनातलं लिहिलंय.

प्रश्न: आमच्या हायस्कूलला प्रॅक्टिसला ३०-३२ पोरं येतात, बॉल चारच. पावसात मैदान म्हणजे नुसता चिखल. तालुक्याला आम्ही जिंकतो, कारण एक पोरगा उंच आहे आणि जोरात पळतोय, मागनं लांब किक मारायची आणि ह्यानं पळायचं. पण जिल्ह्याला गेलो की पहिल्याच मॅचला बाहेर. हेडमास्तर म्हणायलेत कप पायजे. प्रॅक्टिस कशी घेऊ? (पीटी शिक्षक, खानापूर तालुका)

उत्तर: सर, चार बॉल कमी नाहीत ओ. ३२ पोरं आणि चार बॉल म्हणजे आठ जणांत एक, म्हणजे चारास चार अशा चार मॅचेस एकाच वेळी चालू होतात. मैदानाचे चार तुकडे करा, साधारण २५ मीटर लांब आणि २० मीटर रुंद, गोलला दोन-दोन विटा नाहीतर चपला ठेवा, गोलकी ठेवूच नका. पाच-सहा मिनिटं झाली की टीम बदला, मैदान बदला. ह्यातच पोरांचं पळणं होतं, वळणं होतं, मान वर करून बघणं होतं आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाच्या पायाला बॉल लागतो.

मी हे इतकं जोर देऊन सांगतोय कारण आपल्याकडच्या बहुतेक शाळांत प्रॅक्टिस कशी असते ते तुम्हालाही माहीत आहे. आधी मैदानाला राऊंड, मग पोरं रांगेत, सर बॉल देणार, पोरगा एक किक मारणार आणि परत रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहणार. एकदा एका पोराकडं बोट ठेवून मोजा, अर्ध्या तासात त्याला किती वेळा बॉल मिळाला. जो मागं राहणारा, लाजणारा पोरगा आहे ना, त्याचाच मोजा. आकडा बघून तुम्ही स्वतःच रांग मोडाल.

सुरुवातीची दहा मिनिटं रोंदो घ्या. चार पोरं आठ-दहा मीटरच्या चौकोनाच्या कडेला, एक मध्ये, मधल्यानं बॉल काढायचा, ज्याची चूक त्यानं मध्ये जायचं. बार्सिलोनाच्या अकॅडमीत लहानपणापासून मोठ्या टीमपर्यंत हे चालतं आणि त्याला लागतो एक बॉल, बाकी काही नाही. तुमच्याकडं बॉल चारच, तेव्हा आठ जणांचा एक गट करा, सहा कडेला आणि दोन मध्ये, चौकोन थोडा मोठा घ्या.

आणि खेळ चालू असताना कोचनं कॉमेंट्री करायची नाही, "पास दे, मार, पळ, मागं ये" असं सारखं चाललं की पोरगं मैदान बघायचं सोडून तुमचा आवाज ऐकत बसतंय, मग जिल्ह्याच्या मॅचला गर्दीत तुमचा आवाज पोचत नाही आणि ते गोंधळतंय. पाच मिनिटांनी एकदा खेळ थांबवा आणि विचारा, बॉल घ्यायच्या आधी मागं बघितलंस काय, कोण मोकळा होता? उत्तर त्याला देऊ दे. चुकीचं दिलं तरी ऐकून घ्या, परत खेळू दे.

हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. भारतीय टीमचे कोच म्हणून त्यांनी १९५१ ला दिल्लीत आणि १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्ण मिळवून दिलं, मध्ये १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये टीम चौथी आली. ते हैदराबादेत ड्रिबल करायलाच बंदी असलेल्या स्पर्धा घ्यायचे, म्हणजे बॉल आला की लगेच द्यायचा, आणि ज्या पायानं जमत नाही त्याच पायानं खेळायच्या स्पर्धाही घ्यायचे. ह्याला पैसा लागत नाही. तुम्ही आठवड्यातनं एक दिवस डावऱ्या पायाचा ठेवा, पहिले पंधरा दिवस पोरं हसतील, वैतागतील, तिसऱ्या आठवड्यापासनं बघा.

चिखलाचं म्हणाल तर खानापूरच्या पावसाशी भांडून उपयोग नाही. जमिनीवरचे पास त्या दिवसांत अडकतातच, तेव्हा मांडीवर, छातीवर बॉल घेणं, उचलून देणं, हवेतला बॉल थांबवणं हे शिकवा, आणि अगदीच धो-धो असेल तर शाळेच्या व्हरांड्यात प्रत्येकी जागच्या जागी तळव्यानं बॉल ओढणं, वळवणं. बॉलचा नंबरही बघा. शाळांना बहुतेक पाच नंबरचा मिळतो, तो ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना चार नंबरचा लागतो, ३५० ते ३९० ग्रॅमचा. भिजलेल्या मैदानावर पाचवी-सहावीच्या पोराला पाच नंबरचा बॉल दिला की तो पंज्यानं मारायला लागतो आणि आतल्या बाजूनं पास द्यायची सवयच लागत नाही.

आता तुमचा तो उंच पोरगा. मुलांची उंची साधारण तेरा-चौदाला झपाट्यानं वाढते, पण कुणाची बाराव्या वर्षी, कुणाची पंधराव्या. आज जो जिंकून देतोय तो कदाचित फक्त लवकर वाढलाय. दोन वर्षांनी बाकीचे त्याच्याएवढे होतात आणि पळण्यापलीकडं काही शिकलेला नसतो म्हणून तोच बेंचवर बसतो, ही त्याच्यावर अन्यायाची गोष्ट आहे, त्यानं तर तुम्ही सांगितलं तेच केलं. त्याला मधल्या फळीत खेळवा, बॅकला खेळवा, जिथं नुसतं पळून भागत नाही. आणि आपल्याकडं अर्ध्या पोरांची शाळेतली जन्मतारीख १ जून असते, ती खरी नसते हे आपण सगळे जाणतो, त्यामुळं वयोगट बघताना कागदाबरोबर पोराकडंही बघा. बारकी, उशिरा वाढणारी पोरं सोडून देऊ नका. आज जगभर गाजणारा फॉरवर्ड एर्लिंग हालंड नॉर्वेतल्या ब्रूने गावात लहान असताना तिथं चाळीसेक पोरांचा एकच ग्रुप होता, कोण चांगला कोण कच्चा अशी वाटणी लवकर केली नाही, सगळ्यांना खेळवलं. हालंड तेव्हा वयानं बाकीच्यांपेक्षा एक वर्ष लहान, अंगानं बारीक, उंची नंतर वाढली. त्याला अकराव्या वर्षी बारीक म्हणून बसवला असता तर?

हेडमास्तरांना कपाबद्दल तोंडी समजावत बसू नका, एका संध्याकाळी प्रॅक्टिसला बोलवा आणि चार मॅचेस चालू असलेलं मैदान दाखवा. त्याच नॉर्वेत अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांचे गुणतक्ते काढत नाहीत, हेही सांगा. तालुक्याला यंदा एखादी मॅच कमी जिंकाल. आठवीची पोरं दहावीला जातील तेव्हा मात्र जिल्ह्याच्या टीमला तुमची पोरं मागायला येतील.

प्रश्न: माझा मुलगा तेरा वर्षांचा. क्लबमध्ये जातोय पण मॅचला बेंचवरच असतो, शेवटची पाच मिनिटं उतरवतात. कोच सगळ्यांसमोर ओरडतात. आणि त्याचे पप्पा बाहेरनं त्याहून जास्त ओरडतात. हल्ली गुडघा दुखतोय म्हणतोय, मला वाटतंय जायचं नाही म्हणून सांगतोय. बंद करू काय? (एक आई, निपाणी)

उत्तर: ताई, गुडघ्याचं आधी. तेरा-चौदाच्या, खेळणाऱ्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या हाडाला दुखतं, दाबलं की जास्त दुखतं, कधी तिथं गाठीसारखं वर आलेलं दिसतं. उंची झपाट्यानं वाढताना मांडीचे स्नायू तिथली हाडाची जागा ओढतात म्हणून हे होतं, ह्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात आणि ते खूप पोरांना होतं. बहाणा समजू नका. डॉक्टरांना दाखवा, बहुतेक वेळा खेळ कमी करून, व्यायाम देऊन बरं होतं. कोचलाही सांगा, कारण अशा पोराला राऊंड मारायला लावणं आणि उड्या मारायला लावणं काही दिवस थांबवायला लागतं.

बेंचबद्दल माझं मत पक्कं आहे. तेराव्या वर्षी प्रॅक्टिसला नेमानं येणाऱ्या प्रत्येक पोराला मॅचचा निदान अर्धा वेळ मिळायला पायजे. मॅच हीच शिकायची जागा आहे, बेंचवर बसून फक्त बेंचवर बसायला शिकतात. कोचशी बोला, पण मॅचच्या दिवशी नको, तेव्हा त्यांचंही डोकं गरम असतं. मधल्या एखाद्या दिवशी जा आणि "माझ्या मुलाला का खेळवत नाही" असं न विचारता "त्यानं पुढच्या दोन महिन्यांत काय सुधारावं" असं विचारा. जो कोच पोराकडं बघतोय तो लगेच दोन गोष्टी सांगेल, डावा पाय, नाहीतर बॉल घेताना अंग कसं वळवायचं, असं काहीतरी ठोस. ज्याला काहीच सांगता येत नाही, नुसतं "त्याच्यात जिद्द नाही" म्हणतो, त्यानं तुमच्या मुलाला बघितलेलंच नाही, मग क्लब बदला, खेळ बंद करू नका.

कोचनं सगळ्यांसमोर ओरडणं ह्याबद्दल लोक म्हणतात आमच्या वेळी छडी होती, आम्ही घडलो. जे घडले ते सांगायला राहिले, जे सोडून गेले त्यांना कोण विचारतंय? ज्या पोराला चुकल्यावर शिव्या खायला लागतात तो पुढच्या वेळी बॉलच मागत नाही, लपून उभा राहतो. फुटबॉल शिकायचा म्हणजे अवघड पास द्यायचा प्रयत्न करायला लागतो आणि तो दहा वेळा चुकतो. शिस्त हवीच, पण शिस्त म्हणजे वेळेवर येणं, स्वतःचं किट स्वतः उचलणं, रेफरीशी वाद न घालणं. चुकलेल्या पासाला शिक्षा ही शिस्त नाही.

आणि पप्पांना माझ्याकडनं विनंती सांगा. निपाणीहून कोल्हापूर जवळ, शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल टीमच्या मॅचेसना केवढी गर्दी, केवढी ईर्षा असते ते त्यांनी बघितलं असणार, तो जोश चांगलाच आहे, पण तिथं मोठी माणसं खेळत असतात. आपल्या पोराच्या मॅचला त्यांनी टाळ्या वाजवाव्यात, दोन्ही टीमना वाजवाव्यात, आणि घरी येताना गाडीवर मॅचचा विषय पोरगा काढेल तेव्हाच काढावा. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ ला भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडनं खेळला, म्हणजे आपल्या भागातली पोरं तिथंवर पोचतात. पण तेरा ते सतरा हा रस्ता पोरानं आनंदानं चालायला पायजे.

प्रश्न: मी मंडळाच्या टीमला शिकवतो, सोळा-सतराची पोरं. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी सगळी आहेत, कॅम्प भागातली दोघं कोकणी. प्रॅक्टिसला ग्रुप ग्रुपनं बसतात, पास पण आपापल्यातच देतात. आणि आमचा स्टार फॉरवर्ड कायम उशिरा येतो, पण त्याच्याशिवाय जिंकता येत नाही म्हणून कोण काय बोलत नाही. टीम अशी वाटतच नाही. (कोच, बेळगाव)

उत्तर: भावा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण आपल्या गावात हे काम फुटबॉलच करू शकतं असं मला मनापासून वाटतं.

आधी स्टारचं, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलंय. बाकीची पंधरा पोरं बघतायत की नियम कुणाला लागू आहे. तो उशिरा आला की सुरुवातीच्या टीममध्ये नाही, एवढंच, भाषण नको, अपमान नको. एकदा हरशील, हरू दे. त्याला एकट्याला बाजूला घेऊन आधी विचार मात्र, की उशीर का होतो. ह्या वयाची पोरं कुणी सकाळी दूध घालतात, कुणी दुकानात बसतात, कुणाला बस नसते. कारण खरं असेल तर प्रॅक्टिसची वेळ बदल, सगळ्यांना सांगून बदल. नसेल तर नियम तो नियम.

नियम तू लिहू नको. पोरांना चार-पाच जणांच्या गटात बसव, गट तू पाड, प्रत्येक गटात सगळ्या भाषांचं एकेक पोरगं, आणि विचार की आपल्या टीममध्ये काय चालेल, काय चालणार नाही. पाचच नियम ठेव. पोरांनी स्वतः ठरवलेले नियम कोचच्या नियमांपेक्षा कडक असतात, अनुभव घे. जाळी लावणं, बॉल पिशवीत भरणं, बिब (टीम ओळखायला घालायची जाकिटं) धुऊन आणणं ह्याची पाळी जोड्यांनी लाव, जोडी दर आठवड्याला बदल, आणि कॅप्टनची पाळी पहिली ठेव. न्यूझीलंडची रग्बी टीम, ऑल ब्लॅक्स, मॅच झाल्यावर मोठे खेळाडू स्वतः ड्रेसिंग रूम झाडून काढतात, ते उगीच नाही.

पास आपापल्यातच देतात ह्यावर बोलून उपयोग नाही, खेळ तसा लाव. तीन टीम पाड, मिसळून, आणि नियम लाव की गोल मोजायच्या आधी टीममधल्या प्रत्येकाच्या पायाला बॉल लागलेला पायजे. मैदानावर ओरडायचे चार-पाच छोटे शब्द टीमनं मिळून ठरवावेत, कुठल्या भाषेतले ते पोरंच ठरवतील, महत्त्वाचं हे की मागनं माणूस आला तर सगळ्यांना एकाच वेळी कळलं पायजे. गोल झाला की आधी पास देणाऱ्याकडं पळायचं, हे पण सवयीनं लागतं. मॅचनंतर पाच मिनिटं गोलाकार बसा, प्रत्येकानं दुसऱ्या कुणाची तरी एक चांगली गोष्ट सांगायची, आपल्या ग्रुपातल्याची नाही. पहिल्यांदा लाजतील.

आणि त्यांना १९६२ ची जकार्ताची टीम सांग. कॅप्टन चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी बंगालकडचे, जर्नेलसिंग पंजाबी, पीटर थंगराज, तुलसीदास बलराम आणि युसूफ खान हैदराबादेत घडलेले, फ्रांको आपल्या शेजारच्या गोव्याचा. घरी बोलायच्या भाषा वेगवेगळ्या. मैदानभर लोक त्यांच्या विरोधात ओरडत होते आणि फायनलला त्यांनी दक्षिण कोरियाला २-१ हरवलं. तुझ्या टीमकडं भाषा जास्त आहेत म्हणून अडचण आहे असं मला वाटत नाही, त्यांना एकमेकांची गरज पडेल अशी प्रॅक्टिस अजून झालेली नाही.

प्रश्न: मी पंधरा वर्षांची, मुलांबरोबर खेळते कारण मुलींची टीमच नाही. मैत्रिणीचा गुडघ्याचा लिगामेंट फाटला, तेव्हापासून घरचे भितात. (हिंडलगा)

उत्तर: बाळ, खेळत रहा. घरच्यांची भीती खोटी नाही, गुडघ्यातला तो लिगामेंट मुलींमध्ये मुलांपेक्षा दोन-तीन पट जास्त वेळा दुखावतो. पण त्यावर उपाय आहे. फिफाचा अकरा प्लस नावाचा वॉर्मअप आहे, पंधरा व्यायाम, वीसेक मिनिटं, पळणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं. नॉर्वेत तुझ्याच वयाच्या, तेरा ते सतराच्या मुलींच्या टीमवर ह्याचा मोठा अभ्यास झाला आणि दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी झाल्या. व्हिडिओ फुकट मिळतात. आठवड्यातनं दोनदा तरी कर, महिनाभर करून सोडू नको, चालू असेपर्यंतच फायदा असतो. आणि शाळेतल्या सहा-सात मुलींना बोलव, पाचास पाचची टीम तेवढ्यातच होते. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या महिला टीमनं थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवून आशियाई कपची पात्रता मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ती मॅच घरच्यांना दाखव.

प्रश्न: कोच व्हायचंय, सुरुवात कुठनं? (येळ्ळूर)

उत्तर: अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे लायसन्स कोर्स असतात, डी, मग सी, बी, ए आणि प्रो. आपण कर्नाटकात असल्यामुळं राज्य संघटनेकडनं चौकशी करा. तोवर जवळच्या कुठल्यातरी चांगल्या कोचच्या हाताखाली लहान पोरांना शिकवा, लायसन्सच्या वर्गात बसल्यावर मग प्रश्न सुचतात.

प्रश्न: मुलगा चौदाचा, चांगला खेळतोय. कोण म्हणतंय कोल्हापूरला घाल, कोण म्हणतंय गोवा, कोण बेंगळुरू. एकानं फोन करून सांगितलं मोठ्या क्लबची ट्रायल देतो, वीस हजार भरा. (चिकोडी)

उत्तर: पैसे भरू नका. क्लबचं नाव सांगून ट्रायलसाठी असे वीस हजार मागणारा माणूस बहुतेक वेळा क्लबचा नसतोच. क्लबच्या स्वतःच्या वेबसाईटवर, ऑफिसच्या नंबरवर फोन करून खात्री करा.

कुठं घालायचं ह्यात मी राज्य बघणार नाही. २०२३ च्या मार्चमध्ये कर्नाटकानं रियाधला मेघालयाला ३-२ हरवून ५४ वर्षांनी संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या टीमची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली, म्हणजे इकडंही दार बंद नाही, आणि गोवा-कोल्हापूरची परंपरा तर आहेच. नोंदणी मात्र समजून घ्या, खेळाडूची नोंदणी एका क्लबकडं होते आणि राज्य बदललं की रीतसर ट्रान्सफर करायला लागते, दोन्हीकडं नाव देऊन ठेवलं तर नंतर मुलगाच अडकतो. अकॅडमी बघायला जाल तेव्हा ट्रॉफ्यांचं कपाट बघू नका, एक अख्खी प्रॅक्टिस बाजूला उभं राहून बघा. एका कोचकडं किती पोरं आहेत, रांगा आहेत की खेळ आहे, चुकलेल्या पोराशी कोच कसं बोलतो. हॉस्टेल असेल तर जेवण बघा, संडास बघा, रात्री पोरांबरोबर कोण मोठं माणूस असतं ते विचारा, शाळेचं काय ते विचारा. गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्या एखाद्या पोराच्या घरी फोन करा आणि का सोडलं ते ऐका. आणि हे सगळं झाल्यावर मुलाला विचारा की त्याला घर सोडून जायचंय काय. नको म्हणाला तर सोळापर्यंत चिकोडीतच खेळू दे, दोन वर्षांनी परत विचारा.